सूर्यावरची माझी लाट

१२ जानेवारी
संकल्प: या वर्षी ऑफिसात कुणाशी भांडायचं नाही. लायकीच नाही कुणाची.

काम जोरात. सूर्यावरच्या चुंबकीय रेषा न विंचरलेल्या केसांसारख्या गुंतलेल्या असतात. त्यातून लाट गेली तर दुर्बिणीला काय दिसेल, ते मी कॉम्प्युटरवर आधीच काढून दाखवणार. समोरच्या टेबलावरची बाई (मनातलं नाव: शंकाताई) म्हणाली, गुंत्यात लाट स्वच्छ दिसत नाही, विस्कटते. मी शांत राहिलो. दार आपटलं ते वाऱ्याने.

१९ जानेवारी
दिसली! कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रकाशाच्या वर्णपटातली रेषा लयीत डावी-उजवी झुलते. घड्याळ लावून घ्यावं इतकी स्वच्छ. साहेब खूश, दुर्बिणीची वेळ मागणार. शंकाताई म्हणाली, लाट सोडणं बंद करून एकदा प्रोग्राम चालवून बघा ना. म्हणजे मी खोटारडा? मशीन मोकळं नाही म्हणालो. मोकळं होतं.

३ फेब्रुवारी
जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिने बाजू घ्यावी एवढीच अपेक्षा. ती म्हणाली, मग बघ की बंद करून, तुझंच खरं ठरेल. मी म्हणालो, भाजीत मीठ नाही. होतं. आता ती माझ्याशी बोलत नाही.

२२ फेब्रुवारी
दुर्बिणीला लाट दिसली नाही! प्रकाशाची रेषा जागच्या जागी, नुसती जाड झालेली. दुर्बिणवाल्यांना खरमरीत मेल टाकला: आरसे कधी पुसता का? उत्तर आलं: पुसतो.

उर्मटपणाची हद्द झाली.

२४ फेब्रुवारी
शंकाताईचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून लाट बंद करून प्रोग्राम चालवला.
रेषा झुलतेच आहे.
तशीच. लयीत. लाट नसताना.

प्रोग्राम सुरू होतानाचा एक धक्का, सूर्याचा तुकडा म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये आखलेल्या पेटीच्या वरच्या काठावर आपटून खाली येतो, पुन्हा वर जातो. तेवढंच. सूर्याचा काही संबंध नाही. दुपारी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी: याला ‘नवा परिणाम’ म्हणता येईल. मीटिंगमध्ये तसंच मांडणार.

२७ फेब्रुवारी
मांडलं. शंकाताईने एकही शंका काढली नाही. खाली बघत राहिली. याहून मोठा अपमान नाही.

मग साहेबांनी तिला बोलायला सांगितलं. तिने स्वतः केलेल्या गणितात दुर्बिणीच्या एकाच नजरेत अनेक चुंबकीय धागे येतात, प्रत्येक आपापल्या तालात हलतो, म्हणून प्रकाशाची रेषा झुलत नाही, फक्त जाड होते. दुर्बिणीला दिसली अगदी तेवढीच जाड. सगळे खुर्च्या ओढून तिच्या पडद्याकडे गेले. माझा पडदा कुणीतरी बंद केला. वीज वाचवायला असेल.

२ मार्च
साहेबांचा हुकूम: पुढचं काम ती करणार, मी तो वरचा काठ दुरुस्त करायचा.

ती स्वतः टेबलापाशी आली. मी तिखट वाक्य तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, “घाई नाही. माझाही काठ असाच फसला होता, महिनाभर रडले होते.” माझ्या तोंडातून निघालं, “बरं, शंकाताई.”

मेलोच.

ती हसली. म्हणाली, “माहीत आहे मला ते नाव. तुम्हाला सगळे काय म्हणतात, ते मात्र विचारू नका.”

विचारलं नाही. दिवसभर काठाशी झटत बसलो. रेषा अजून झुलतेच आहे.