मचूळ पाण्याच्या टाकीची व्यवस्था

ज्याने नद्यांना गोडी दिली, समुद्राला खारटपणा दिला, आणि दोघांची गाठ पडते त्या मचूळ पाण्यातल्या जीवांनाही उपाशी ठेवले नाही, त्या करुणाघन परमेश्वराला प्रथम वंदन. त्याच्या कृपेवाचून हात हलत नाही, तिथे लेखणीची काय कथा.

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, निवृत्त शिक्षक, वय वर्षे एक्याऐंशी, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासले आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला; मी वार सांगितला आणि मागल्या खेपेस त्या विसरलेली छत्रीही परत केली. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात काचेच्या टाकीचा उल्लेख नव्हता, आणि आता मला दुसरी कसलीही चिंता उरलेली नाही.

कलम पहिले. राहते घर व बँकेतील ठेव चिरंजीवास द्यावी. तो दूरदेशी सुखात आहे, सुखातच राहो. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. गृहिणी असते तेच घर, असे जुने लोक सांगत आले. त्या मापाने हे घर सात वर्षांपूर्वीच रिकामे झाले.

कलम दुसरे. सर्व ग्रंथ सार्वजनिक वाचनालयास द्यावेत. समासातील माझी पेन्सिलीची टिपणे खोडू नयेत. दोन ठिकाणी मी भाष्यकाराशी भांडलो आहे. तिथे अजूनही माझेच बरोबर आहे.

कलम तिसरे, टाकीविषयी. ही टाकी माझ्या पत्नीची. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर पाणी तपासायची आणि घरी येऊन पुन्हा पाणीच पाहत बसायची. मी एकदा विचारले, "मासे पाळायचे तर सरळ गोड्या पाण्यातले का नाही?" ती म्हणाली, "मला ना गोड ना खारट असंच आवडतं. नाहीतर तुमच्याशी संसार केला असता का?" टाकीत आज एकच मासा आहे. पोट फुगवणाऱ्या जातीचा, गोल, गंभीर; तिने त्याला शेटजी म्हटले, तेच नाव राहिले. तो दुसऱ्या माशाला जवळ करीत नाही. मी जेवायला बसलो की काचेशी येऊन थांबतो. या जातीचे आयुष्य मोठे असते, आणि माझे आता थोडे उरले आहे. माझ्यामागे त्याला व त्याच्या झाडांना कोण पाहील, हा एकच प्रश्न मला झोपू देत नाही.

चिरंजीवास फोनवर विचारले. तो म्हणाला, "बाबा, मासा दुकानदाराला देऊन टाका ना. आणि झाडं कशाला, प्लॅस्टिकची मिळतात." त्याला दोष देत नाही. मी रुग्णालयात असताना त्याने येऊन टाकी सांभाळली होती. पाणी रोज थोडे आटे, आणि हा पोर मोठ्या श्रद्धेने मिठाचेच पाणी वरून ओती. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, हे कोणी त्याला सांगितले नव्हते. मी परतलो तेव्हा पानांच्या कडा करपल्या होत्या. "मी एकही दिवस चुकलो नाही हो," तो म्हणाला. ते खरेच होते.

कलम चौथे, झाडे निवडण्याविषयी. जो टाकी घेईल त्याने हे नीट वाचावे. दुकानात जे लाल आणि नाजूक दिसते ते आणू नये. शोभेच्या माशांच्या दुकानदाराने मला तसलीच रोपे विकली, वर म्हणाला, "गुरुजी, झाड ते झाड, पाण्यात जगतंच." आठवड्यात त्यांचा लगदा झाला. परत न्यायला गेलो तर म्हणतो, "तुम्ही मंत्र चुकला असाल." त्याला मी क्षमा केली आहे, परंतु त्याच्याकडून काहीही खरेदी करू नये.

जावा फर्न आणि अनुबियास ही जाड पानांची, सोशीक झाडे घ्यावीत. त्यांचा आडवा देठ वाळूत पुरू नये, कुजतो. लाकडाला दोऱ्याने बांधावा. वाळूत ब्राह्मी लावावी. स्मरणशक्तीची म्हणून आपण जिला मान देतो तीच ही, आणि थोडे मीठ ती मुकाट्याने पचवते. मागच्या कोपऱ्यात खाडीकाठी वाढणाऱ्या कांदळाचे एक रोप असावे: मुळे पाण्यात, पाने वर हवेत, पानांवर गोडे पाणी शिंपडावे. नवे रोप थेट टाकीत सोडू नये. वेगळ्या बरणीत ठेवून मीठ थोडेथोडे वाढवावे. परक्या घरी आलेल्याला अवधी द्यावा लागतो. मीठ समुद्री टाक्यांसाठी मिळते तेच वापरावे, स्वयंपाकाचे नव्हे. पाणी बदलताना मिठाचे घालावे, आटलेले भरताना गोडे. शेटजीला लपायला दाटी हवी. झाडांवाचून मोकळ्या टाकीत तो काचेलगत येरझारा घालतो. एकट्यालाही आडोसा लागतो.

कलम पाचवे. एका दुपारी टाकीचा पंप बंद पडला. मी वाचनात होतो, मला कळले नाही. दार वाजले. खालच्या मजल्यावरील शिंपीणबाई, मापाची फीत गळ्यात तशीच, धापा टाकत उभ्या.

"आजोबा, आहात ना?"

"आहे. का बरे?"

"वरची घरघर थांबली. म्हटलं, गेलात की काय."

"पंप गेला, बाई. माझा नंबर अजून लागायचाय."

"मग तो आधी सुरू करा. मला त्या आवाजाची सवय झालीये."

त्या आत आल्या, टाकीशी वाकल्या आणि म्हणाल्या, "हे पान काळं का पडलंय?" सात वर्षांत या घरातल्या एखाद्या पानाविषयी मला कोणी विचारले नव्हते. त्यानंतर त्या अधूनमधून येतात. सुटलेले फर्न त्यांनीच लाकडाला पुन्हा बांधले.

सबब टाकी, पंप, दिवा, पाण्यातले मीठ मोजायचे पत्नीचे घनतामापक, सर्व झाडे आणि शेटजी हे शिंपीणबाईंस द्यावे.

कलम सहावे. यात अडचण अशी आली की वकिलांनी बजावले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर ते देणे बाद होते. साक्षीदार दोन लागतात, आणि माझ्या दारी येणारी माणसे दोनच: डॉक्टरीणबाई व शिंपीणबाई. काल शिंपीणबाई चष्मा घेऊन सहीला आल्या, तेव्हा मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतले आणि टाकी घ्याल का, असे विचारले. त्यांनी वाकून शेटजीकडे पाहिले. "घेईन. पण मग सही कोण करणार?"

मी मनात एकेक माणूस आठवू लागलो. सारे आधीच निघून गेलेले. जन्मभर विद्यार्थ्यांच्या गर्दीत राहिलो, आणि सहीपुरता एक माणूस सापडेना.

"समोरचं दार आहे की," बाई म्हणाल्या.

त्या दारामागे एक घड्याळजी राहतात. अकरा वर्षे मी त्यांची फक्त पादत्राणे पाहिली होती. दार वाजवले.

"मी समोर राहतो."

"माहीत आहे. या ना. मला वाटायचं, तुम्हाला कुणी आलेलं आवडत नसेल. दार कायम बंद."

"तुमचेही."

"हो ना," ते म्हणाले, आणि खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांनी मला बसायला जागा केली.

ते आज संध्याकाळी येतील. सह्या होताना शिंपीणबाई जिन्यात थांबतील, म्हणजे कायद्याला शंका नको. त्यानंतर चौघांसाठी चहा करावयाचा आहे. घरात कप दोनच आहेत. दोन घड्याळजी आणणार आहेत.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरे: समोरच्या दारातील घड्याळजी

ठिकाण: राहते घर, टाकीसमोरील टेबल
दिनांक: सहीखाली प्रत्येकाने स्वहस्ते घालावा

जो कोणी हा कागद वाचील, त्याच्या घरी पाणी असो, पाण्यात जीव असो, आणि त्याने हाक मारली असता ओ देणारे कोणी असो. सर्वांचे कल्याण होवो.