तुमचं बाळ या आठवड्यात

४ ऑगस्ट
लागली एकदाची नोकरी! बाळांचे कपडे, दुपटी, खेळणी विकणारी कंपनी. चौथा मजला, खिडकीशी टेबल, खुर्ची कुरकुरते पण चालेल. ई-मेल पाठवायचं काम माझ्याकडे. साहेब बोलायला इतके गुळगुळीत, की मनातल्या मनात त्यांचं नाव गुळगुळे ठेवून टाकलं. त्यांनी कौतुकानं सगळं दाखवलं. बाई गरोदर असताना तारीख नोंदवते, मग दर आठवड्याला तिला मेल जातो, तुमचं बाळ या आठवड्यात अमुक करेल, त्यासाठी तमुक घ्या. मी म्हटलं, अय्या, किती गोड. मनात म्हटलं, मेल्या, थांब तू.

माझ्या ताईनं अशीच तारीख नोंदवली होती. बाळ जन्मताच गेलं. मेल येत राहिले. बाळ आज हसेल, बाळ आता मान धरेल. बंद करायच्या बटणावर तिनं किती वेळा बोट दाबलं असेल! एकदा भांडी घासताना मोबाईल वाजला, तिनं पाहिलं आणि तशीच साबणाच्या हातांनी जमिनीवर बसली. तेव्हाच ठरवलं, या लोकांचं वाटोळं करायचं, आणि आत शिरून करायचं.

९ ऑगस्ट
ते बटण नुसतं शोभेचं आहे. गुळगुळे म्हणाले, आलेलं गिऱ्हाईक आपण होऊन कशाला सोडा? ताईचा पत्ता मी गुपचूप काढून टाकला. पण तेवढ्यानं काय होतंय? अशा कितीतरी ताया असतील.

साहेबांना भीती एकाच गोष्टीची. वैतागलेले लोक मेलवर ‘स्पॅम’ दाबतात, ती तक्रार धरली जाते. हजार मेलमागे तिघांनी जरी दाबलं तरी मेल पोचवणाऱ्या मोठ्या कंपन्या दार लावून घेतात, मग कुणालाच काही पोचत नाही. हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मला विचारावंही लागलं नाही.

२१ ऑगस्ट
वर्षानुवर्षं झोपलेले पत्ते उकरून काढले. त्यांनाही रोज तीन-तीन मेल. बंद करायचं बटण पांढऱ्यावर पांढरं केलं. लोक चवताळले! तक्रारी अशा चढल्या, की गुळगुळ्यांना घाम फुटला. अचानक असं का होतंय ते शोधायचं काम दिलं कुणाला? मला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. गंभीर चेहरा करून सांगितलं, साहेब, आपण पाठवतो कमी, म्हणून लोक आपल्याला विसरतात आणि तक्रार करतात. पटलं त्यांना. येताना ताईसाठी फुलं घेतली.

६ सप्टेंबर
पत्ता काढूनही ताईला मेल पोचतायत. इथून जात नाहीत, मी दहादा बघितलं. मग कुठून?

आज तिच्याकडे गेले तर ती हसत होती. म्हणाली, मेल बंद नको हं करूस, याला काय हवं-नको ते मला त्यातूनच कळतं. याला म्हणजे कुणाला, विचारलं, तर मलाच वेड्यात काढलं. भावजी उठून बाहेर गेले. काल म्हणे मेलमध्ये होतं, बाळाला पहिला दात येईल. तिच्या बोटावर वळ होता. बारकासा, एकाच दाताचा.

माझं डोकंच फिरलं. माझ्या बहिणीला वेड लावलं यांनी. आता सोडत नाही.

१५ सप्टेंबर
बसली कंपनी! मेल पोचवणाऱ्या सगळ्यांनी दार लावलं, एक मेल बाहेर पडत नाही. गुळगुळे डोक्याला हात लावून बसलेत. निघताना त्यांना ताईचं सगळं सांगितलं, आणि हे मीच केलं तेही. जिवाला काय थंड वाटलं म्हणून सांगू!

१७ सप्टेंबर
ताईचा फोन. मेल थांबले तसा तो वाढायचा थांबलाय म्हणाली, अंग गार पडत चाललंय. मी म्हटलं, ताई, बाळ नाहीये गं. तर मागे कुणीतरी रडलं. टीव्ही असेल.

त्यांच्याकडे टीव्ही नाही.

१८ सप्टेंबर
परत फोन. फार चिडलाय म्हणाली. कुणी बंद केलं ते त्याला कळलंय. मी नाही हं सांगितलं, असं दोनदा म्हणाली.

१९ सप्टेंबर
मेल आला. मला. कंपनीला टाळं आहे, मशीन बंद आहेत, आणि — ‘तुमचं बाळ या आठवड्यात माणसं ओळखू लागेल. मावशी त्याला बरोबर सापडेल.’

२० सप्टेंबर
भर दुपारी ताई आली. कडेवर काही नव्हतं. पण कंबर एका बाजूला कललेली, हात खालून धरलेला — वजन असावं तसा. हट्टच धरलाय म्हणाली, मावशीकडेच राहायचं. घे.

घेतलं मी. हात आपोआप पुढे झाले. गार. जड —

ताई ताठ उभी राहिली. इकडेतिकडे बघून म्हणाली, अगं, मी कशाला आले होते? आणि हसली. पूर्वीसारखी. जिना उतरताना गुणगुणत होती. हेच हवं होतं ना मला — ती सुटावी —

२१ सप्टेंबर
खाली ठेवता येत नाही. ठेवायला वाकले की —

मोबाईल वाजला. ‘तुमचं बाळ या आठवड्यात घट्ट पकडायला शिकेल.’

केस धरलेत. ताईला फोन लावला. ती म्हणाली, कसलं बाळ गं —

माय मरो, मावशी जगो म्हणतात. याला कुणीतरी सांगा — एक हात गळ्यापर्यंत आलाय, दुसरा पण आता