सरकणारे लोखंड

आप्पा, आज रविवार, १० नोव्हेंबर १९६३. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झाली आहेत. आत्तापर्यंत मी शिरूरच्या घरी मोरीत बसून रॉकेल आणि राख लावून नखे घासत होतो. उजवा हात स्वच्छ झाला. डावा तसाच सोडून उठलो, कारण आई दारात येऊन उभी राहिली आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली. तुम्ही जाऊन अकरा वर्षे झाली. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्ही असेच मोरीत बसायचात आणि ती अशीच बघायची. तिला काय आठवले ते मी विचारले नाही. मला जे आठवले ते तुम्हाला सांगायचे आहे, आणि ते चांगले नाही. मला तुमच्या भाच्याचा हेवा वाटतो. तेव्हाही वाटायचा.

तुम्ही इंजिनाच्या शेडमधून घरी आलात की चुलीपुढे पोते अंथरायचात, त्यावर वाफेची एखादी निकामी झडप ठेवायचात आणि त्याला हाक मारायचात. चौथीत दोनदा नापास झाला म्हणून आत्याने त्याला आपल्याकडे धाडले होते. आई भाकरी थापते आहे, तो झडप उघडतो आहे, तुम्ही त्याच्या मनगटावर हात ठेवून पाना किती फिरवायचा ते दाखवता आहात, आणि मी भिंतीशी बसून शुद्धलेखन लिहितो आहे. ग्रीसचा डबा उघडला की तुम्ही त्यातले थोडे बोटावर घेऊन कानाजवळ न्यायचात आणि अंगठ्याने चोळायचात. आत कचकच वाजली तर त्यात वाळू आहे, डबा फेकून द्यायचा. मग त्याच्या कानाशी चोळून दाखवायचात. "आयकलं का? आन् ध्यानात ठिव, सरकणारं लोखंड उपाशी ठिवायचं न्हाई." एकदा मी उठून पाना उचलला. तुम्ही तो माझ्या हातातून अलगद काढून घेतलात. "ठिव त्यो. तुझं काम पुस्तकात हाय." त्या दिवाळीला तुम्ही त्याला पाना आणलात आणि मला शाईचे पेन. पेन चांगले होते, आप्पा. हे पत्र त्यानेच लिहितो आहे. पण मी सातवीत असताना तुम्ही गेलात, शाळा तिथेच सुटली, आणि माझ्याकडे ना पुस्तक राहिले ना पाना.

आता तो मिस्त्री झाला आहे. उसावर औषध फवारणारे एक लहान विमान या हंगामात राहूजवळच्या माळावर उतरते, त्याची देखभाल करणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअर साहेबांच्या हाताखाली तो आहे. मला तिथे कामाला त्यानेच लावले. मी औषधाची पिंपे गडगडत नेतो आणि सांगतील ते धरतो. हंगाम संपला की साहेब आमच्यापैकी एकाला पुण्याला कायमच्या कामावर नेणार होते. तो कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी मी रोज वेळेआधी जायचो.

या विमानाला नाकाखाली एक लहान चाक असते. चाकाच्या वर नळीत नळी, आत तेल आणि हवा. विमान उतरले की आतली चकचकीत नळी वर सरकते आणि धक्का गिळते. त्या चाकाचे काम करायचे तर नाक उचलावे लागते. आमच्याकडे जॅक नव्हता, म्हणून शेपटीच्या मुळाशी वाळूची पोती ठेवायची आणि वरून मी दाबून धरायचे. मंगळवारी साहेब पुण्याला गेले होते. मी शेपटीवर छाती टेकून उभा, आणि तो पुढे चाकाशी बसलेला. "दाब, मास्तर. सातवी शिकल्याचं तेवढं तरी वजन पडू दे." तो मला मास्तर म्हणतो. मी पंखाखालून बघत होतो. त्याने सांध्यांना ग्रीस भरले, पाना उलटा करून नटावर दोनदा टकटक केले, तुम्ही करायचात तसे. मग डब्यातले ग्रीस बोटावर घेतले आणि मान तिरकी करून कानाशी चोळले. आप्पा, तुमचा फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. आणि तुम्ही तिथे उन्हात बसला होतात, दुसऱ्याच्या अंगात. माझे हात शेपटीवर होते म्हणून बरे. त्याने ऐकले, समाधानाने मान हलवली आणि ते ग्रीस त्या चकचकीत नळीला वरपासून खालपर्यंत चोपडले.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो तर विमान नाक टेकल्यासारखे बसले होते आणि पुढच्या टायरवर लाल तेल ओघळले होते. साहेब खाली वाकले, नळीवर बोट फिरवले आणि बोट आमच्यापुढे धरले. माळावरची सगळी धूळ त्या ग्रीसमध्ये बसून राखाडी लगदा झाला होता. प्रत्येक उतरण्याला तो आत-बाहेर घासला आणि आतले तेल अडवणारे रबरी सील कापले गेले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ही नळी फक्त स्वच्छ फडक्याने पुसायची असते. हे काय बैलगाडीचं वंगण आहे? कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

तो फडक्याने पाना पुसत राहिला. मला कळले तो का गप्प आहे. तुमचे नाव त्याला घ्यायचे नव्हते. तुमचे नाव झाकायचे की नाही हेसुद्धा तोच ठरवणार होता. तेवढे मला सहन झाले नाही. मी म्हणालो, "मी लावलं, साहेब. माझ्या वडिलांनी शिकवलंय. रेल्वेत फिटर होते."

"न्हाई साहेब, म्या लावलं," तो म्हणाला. "ह्याला काय येतंय त्यातलं?"

"येतं," मी म्हणालो. "सरकणारं लोखंड उपाशी ठेवायचं नाही."

साहेबांनी दोघांकडे बघितले. जो काम जाणतो तो अशी चूक करणार नाही असे त्यांना वाटले असावे. मला म्हणाले, "वडील रेल्वेत बरोबरच असतील. ही रेल्वे नाही. सीलचे पैसे कापून घेतो, उद्यापासून येऊ नकोस."

एस.टी.च्या फाट्यापर्यंत तो माझ्यामागे चालत आला. एवढा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"काय गरज व्हती, मास्तर? नोकरी घालवली ती घालवली. त्ये मामांनी मला शिकवलं व्हतं. तुला न्हाई."

"वडील माझे होते."

"व्हय. पर हात माझ्या मनगटावर ठिवला व्हता."

गाडी आली तेव्हा त्याने खिशातून पाच रुपये काढले. म्हणाला, चूक माझी, निदान निम्मं तरी घे. मी घेतले नाहीत. निम्मे घेतले असते तर तुम्हीही निम्मे त्याच्याकडे गेला असता. पुढच्या महिन्यात तो पुण्याला जाईल, पाना घेऊन.

तुम्ही मला ते कधीच शिकवले नव्हते. एका परक्या माणसापुढे मी तुमची चूक म्हणून ते सांगितले, आणि सांगताना मला आनंद झाला. डावा हात मी अजून धुतलेला नाही. निघताना त्या नळीवरचा थोडा लगदा मी बोटाने खरवडून घेतला होता, तो नखात आहे. मघाशी मोरीत कानाजवळ नेऊन चोळून पाहिला. कचकच ऐकू येते.

मजुरीतून कापले, रबरी सील: दहा रुपये. एस.टी., राहू ते शिरूर: एक रुपया दहा नवे पैसे. आत्याच्या मुलाकडून येणे: काही नाही.