जरा बघा

६ मे २०१३, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाला आपले सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत असं ऐकलंय. माझं तसं होऊ नये.

आमची कंपनी एअरकॉन (आपल्याकडचा एसी) सर्व्हिसिंगची. एअरकॉन धुणारे वेगळे, मी जाहिराती सांभाळतो. कुणी गुगलवर 'एअरकॉन सर्व्हिसिंग' टाकलं की आमची जाहिरात वर यावी, म्हणून कुठल्या शब्दाला किती बोली लावायची हे मी ठरवतो. हाताने. क्लिक झालं की कंपनीचे पैसे गेले, बुकिंग झालं तर वसूल. एवढाच धंदा, पण डोकं लागतं. आता म्हणे हे काम सॉफ्टवेअर करणार. आणि ते सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ठरवायला बॉसने, म्हणजे मिस्टर कोह यांनी, कोणाला नेमलं? मला.

विनीताला सांगितलं. बायको म्हणून अभिनंदन अपेक्षित होतं. ती म्हणाली, बोकडालाच सुरीची धार बघायला सांगितली. तिला कॉर्पोरेट कळत नाही.

८ मे, बुधवार

ट्रायलचे नियम ठरले. 'सर्व्हिसिंग'चे सगळे शब्द माझ्याकडे, 'रिपेअर'चे सॉफ्टवेअरकडे. जूनअखेर ज्याचं बुकिंग स्वस्त पडेल तो जिंकला. रिपोर्ट मीच लिहायचा. शेवटचा परिच्छेद आजच लिहून ठेवला: 'यंत्र उपयुक्त आहे, परंतु अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली.' अनुभवी माणूस कोण, ते कोह समजून घेतील.

ऑगस्टमध्ये माझा ईपी, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, संपतो. रिन्यूअलचं विचारलं. कोह म्हणाले, ट्रायल फिनिश, देन सी हाऊ. आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही. इथली माणसं सरळ आहेत, इथे 'सी हाऊ' म्हणजे हो.

विनीता म्हणाली, ईपी गेला तर हा देशच गेला, घर आणि ऋचाची शाळा त्याच्यासकट. नकारात्मक माणसांपासून लांब राहायचा संकल्प केला. आमच्या यिशुनच्या फ्लॅटमध्ये लांब म्हणजे स्वयंपाकघर. तिथे बसून लिहितोय.

१३ मे, सोमवार

सॉफ्टवेअर कंपनीचा धवल आला होता. कांदिवलीचा. मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीत. त्याला माझ्या जुन्या सगळ्या बोल्या हव्या होत्या, सॉफ्टवेअर त्यावरून शिकतं म्हणे. दिल्या. शुक्रवारी दुपारी तुम्ही बोली का वाढवता, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आतून वाटतं. त्याने ते लिहून घेतलं. म्हणजे शेवटी शिष्य माझाच. शिष्य गुरूच्या पोटावर पाय देत नाही, निदान आपल्याकडे तरी.

१९ मे, रविवार

ईस्ट कोस्टला कॉन्डो, म्हणजे महागडा खासगी फ्लॅट, बघून आलो. आताच घ्यायचा नाही, अंदाज असावा. बाल्कनीतून समुद्र दिसतो, थोडं वाकलं की. ऋचाने विचारलं, "पप्पा, वी कॅन अफोर्ड, मेह?" एवढ्या वयात 'मेह' म्हणण्याइतका अविश्वास हिच्यात कुठून आला ते मला माहीत आहे. विनीता एजंटशी बोलत नव्हती, बाजूला उभी होती.

२६ मे, रविवार

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला एका बुकित तिमाहवाल्याने (तिकडे बंगलेवाले राहतात) विचारलं, तू नक्की करतोस काय रे? दोन वर्षं हा माणूस हेच विचारतोय. घरी येऊन मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांसाठीच टाकलं: 'गुगलवर एअरकॉन सर्व्हिसिंग सर्च करा. सगळ्यात वर येते ती जाहिरात मी सांभाळतो. सध्या कंपनीत त्यावर मोठी परीक्षा चालू आहे. जरा बघा.'

भराभर अंगठे आले. अरुणाकाकूंनी वेगळा मेसेज केला, काळजी करू नकोस. त्या आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात. रवींद्रकाका जहाजावर चीफ इंजिनिअर, त्यामुळे काकूंना सगळ्यांचीच काळजी करायची सवय. मला कसली काळजी?

४ जून, मंगळवार

माझ्याकडचे क्लिक वाढले. चांगलेच. गेल्या आठवड्यात जाहिरातीत 'फास्ट'च्या जागी 'प्रॉम्प्ट' केलं होतं, त्याचा परिणाम. एका शब्दाची ताकद यंत्राला कळणार नाही. लोखंड तापलंय म्हणून बोल्या वाढवल्या.

११ जून, मंगळवार

क्लिक अजून वाढले. बुकिंग मात्र तेवढंच. कारण शाळांना सुट्टी, लोक बाहेरगावी. येतील, जाहिरात बघून ठेवलीय त्यांनी. बोल्या अजून वाढवल्या. धवलने फोन करून विचारलं, आप ठीक हैं ना? सहानुभूती दाखवून माहिती काढायची ही सेल्सवाल्यांची जुनी पद्धत. ठीक हूं म्हटलं.

२१ जून, शुक्रवार

शेजारच्या देशातल्या जंगलांच्या वणव्याचा शहरभर धूर. समोरचा ब्लॉक दिसत नाही. सगळ्यांच्या खिडक्या बंद, सगळ्यांचे एअरकॉन चालू, म्हणून सगळ्यांचे बंदही पडतायत. सॉफ्टवेअरने आपणहून बोल्या वाढवल्या आणि बुकिंगचा पाऊस पाडला. याला कर्तृत्व म्हणत नाहीत. असल्या धुरात आंधळ्यालाही बुकिंग मिळेल.

मला का मिळालं नाही, यावर विचार चालू आहे. मास्क लावून विचार नीट होत नाही.

३० जून, रविवार

आज ट्रायल संपली. सकाळी काकूंकडे डबा परत द्यायला गेलो. त्यांनी आत बोलावलं, चहा ठेवला आणि गॅसशेजारचा फोन उचलला.

"थांब हं, तुझी भवानी राहिलीय," म्हणाल्या.

आणि माझ्यासमोर त्यांनी 'एअरकॉन सर्व्हिसिंग' टाकून आमची जाहिरात दाबली. रोज उठल्यावर आधी हे, मग चहा, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. त्या एकट्या नाहीत. मी 'जरा बघा' म्हटल्यावर काकूंनी घरोघरी फोन केले: शिरीषची परीक्षा आहे, प्रत्येकाने रोज एकदा तरी दाबा. तो बुकित तिमाहवालासुद्धा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्याबसल्या दाबतो. काका ब्राझीलच्या एका बंदरात उतरले होते, तिथूनही त्यांनी प्रयत्न केला, पण तिथे आमची जाहिरात दिसत नाही.

मी विचारलं, तुमच्यापैकी कोणाला एअरकॉन धुवून घ्यायचाय का? काकू म्हणाल्या, नाही रे, आमच्याकडे वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे.

मी चहा प्यायलो. तो कसा होता ते आठवत नाही.

घरी विनीताला सांगितलं. ती हसली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. उद्या कोहना सगळं सांग म्हणाली. सांगणार आहे. पण योग्य वेळी. ट्रायलच रद्द ठरते, म्हणजे मी हरलेलोच नाही, हा मुद्दा नीट मांडावा लागेल.

२ जुलै, मंगळवार

काल योग्य वेळ नव्हती. आज कोहनीच बोलावलं. धवलही होता. सॉफ्टवेअरने माझ्याही शब्दांवर लक्ष ठेवलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी त्याच ठरावीक मोबाइलांवरून एकेक क्लिक, बुकिंग शून्य. कोहनी विचारलं, हे कोण?

माझी माणसं, असं मी म्हणालो. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं, ते इंग्रजीत फार वाईट ऐकू येतं.

मी निर्दोष होतो, त्यामुळे पुरावा म्हणून स्वतः ग्रुप उघडून मेसेज दाखवला. बघा म्हटलंय, दाबा नाही म्हटलं. कोहना मराठी येत नाही. त्यांनी फोन धवलकडे दिला. धवलने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं, हे मी मान्य करतो.

"जरा बघा," तो म्हणाला. "इट मीन्स, प्लीज डू द नीडफुल."

मी म्हटलं, शब्दशः अर्थ 'प्लीज सी' असा आहे. धवल म्हणाला, शब्दशः हो. कांदिवलीच्या माणसाला 'जरा बघा' कळत नाही, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? माझ्या वडिलांनी माझ्या कॉलेजच्या अॅडमिशनसाठी क्लार्कला हेच दोन शब्द म्हटले होते.

कोहनी आवाज चढवला नाही. रिपोर्ट मी लिहू नये म्हणाले, धवलच्या ऑफिसातून येईल.

१२ जुलै, शुक्रवार

रिपोर्ट आला. सॉफ्टवेअर जिंकलं. त्यात एक वाक्य आहे की माझ्या दोन वर्षांच्या बोल्या शिकण्यासाठी 'अतिशय मौल्यवान' ठरल्या. हे वाक्य विनीताला वाचून दाखवलं. तिने विचारलं, मग ईपी?

ईपी रिन्यू होणार नाही. 'सी हाऊ'चा अर्थ इथेही तोच आहे.

रात्रीचं जेवण चालू होतं. पुण्यात आजीच्या घरात एअरकॉन नाही, तर आपण झोपायचं कसं, असं ऋचाने विचारलं. माझ्यामुळे तिची शाळा सुटतेय, आणि तिने विचारलं एअरकॉनचं. मला रडू आलं. दोघींनी ते पाहिलं, आणि दोघींनी न पाहिल्यासारखं केलं.

४ ऑगस्ट, रविवार

सामान बांधायला अरुणाकाकू आल्या. बरोबर गुळाच्या पोळ्या. मी पुण्याला मोठ्या पोस्टवर चाललोय, असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. मीच सांगितलं असावं.

त्यांनी विचारलं, "आमच्या दाबण्याचा काही उपयोग झाला का रे?"

विनीता कपड्यांच्या घड्या घालायची थांबली. एक महिना मी याचं उत्तर मनात तयार ठेवलं होतं, चांगलं जहाल. पण काकू पोळ्यांचा डबा दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या, आणि तू गेलास तरी मी रोज करत राहीन, कंपनीशी संबंध चांगले राहायला हवेत, असं म्हणत होत्या.

मी म्हटलं, "काकू, झालं ते सगळं तुमच्यामुळेच."

त्यांना भरून आलं. मग विनीताने चिकटपट्टी माझ्या हातात दिली आणि आम्ही खोकी बंद करायला लागलो.