पहिली उडी जावयाची

१ मार्च १९९४, बारामती
सासऱ्यांचा निरोप. पळसदेवला नवी तालीम बांधलीय, पाडव्याला उद्घाटन. मल्लखांबावर पहिली उडी जावयाची, म्हणजे माझी. लग्न जमवताना मामांनी 'पोरगा मल्लखांबातला आहे' असं ठोकून दिलं होतं. शाळेत मी खांबाजवळ उभा राहायचो, तेव्हा अगदीच खोटं नाही. विजयमाला बारा वर्षं माहेरी हेच अभिमानानं सांगत आलीय. बायकोची मान खाली जाता कामा नये. उद्या पहाटेपासून प्रॅक्टिस.

३ मार्च
पहाटे जाग येत नाही. संध्याकाळी तालमीत गेलो. वस्ताद तात्याबांनी वय विचारलं. एकोणचाळीस म्हणालो. ते म्हणाले, "येत जावा, दुसरं काय सांगू." उत्तेजन मिळालं. लंगोट लावा म्हणाले. उघड्या मांडीशिवाय पकड बसत नाही म्हणे. मी बाजार समितीत सीनियर क्लार्क. तालमीत ओळखीचे लोक येतात. पँटवरच करणार. खरी गोष्ट टेक्निकची.

९ मार्च
खांबाला मिठी मारली. खाली पडलो नाही, कारण वर गेलोच नव्हतो. कॉन्फिडन्स वाढतोय.

१० मार्च
सर्वांग ठणकतंय. ऑफिसात हात खांद्याच्या वर जाईना. प्रॅक्टिसला सुट्टी.

२० मार्च
घसरलो. पँट गुडघ्यात फाटली. हल्ली कापडच हलकं येतं. विजयमालानं ती शिवली आणि म्हणाली, "तुमाला तर येतंयच, मग एवढं कशाला दमता?" गंज चढतो म्हणालो. जेवताना डोळे मिटत होते.

२ एप्रिल
तात्याबा म्हणाले, "सासऱ्यास्नी सांगून टाका, जमत न्हाय. कोन हसत न्हाय." त्यांना आमच्या सासुरवाडीची कल्पना नाही. सगळे गेल्यावर तालमीचं दार लावून एकदा लंगोट लावला. कमरेइतका वर गेलो आणि टिकलो! खरंच टिकलो. आनंदानं दोन्ही हात वर केले. कंबर शेकतोय.

११ एप्रिल, पाडवा
फेटा बांधला, ओवाळलं, हलगी सुरू झाली. लंगोट आत घातलेला होता. पँट काढायची, एवढंच. समोर सासूबाई, चुलतसासवा, मेव्हण्या ओळीनं बसलेल्या. पँट निघेना. तसाच चढलो. फेट्यासकट खाली आलो. हलगी थांबली. सासरे आप्पासाहेब म्हणाले, "तेल जास्त झालं खांबाला." सगळ्यांनी माना हलवल्या. मग मेव्हणा सोपान कपडे काढून त्याच खांबावर सरसर चढला.

परत येताना एसटीत विजयमालानं हळूच विचारलं, "आवो, खरं सांगा. तुमाला कधी येत व्हतं का?" तिच्या आवाजात राग नव्हता. सांगून टाकावंसं वाटलं. फार वाटलं. म्हणालो, तेल जास्त झालं होतं. ती खिडकीबाहेर बघत बसली.

घरी पोचलो तर शेजारच्या सारजाकाकू ओट्यावरच. जावयाची उडी कशी झाली म्हणून विचारलं. विजयमाला माझ्याकडे न बघता म्हणाली, "लई झ्याक."

इतकी वर्षं ती खरं समजून सांगत होती. आज पहिल्यांदा खोटं बोलली. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. न जेवताच पडलोय.