‘कुलूप’चा तिसरा अंक

मी, जेम्स फिफी आर्हिन, वय एकाहत्तर, धंदा लिहिण्याचा, राहणार सेकोंडी, बंदराच्या वरची आळी, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला डोकेच लागते. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेली नाही. यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती किती झाली ते वकील मिसेस बायदू यांना विचारा. हल्ली माझा आवाज ऐकला की त्या फोन कारकुनाकडे देतात. काय करू? एका दमात लिहून सोडून दिला असा एकही खर्डा मी जन्मात लिहिला नाही.

कलम एक. माझ्या दोन्ही कादंबऱ्या मुलगी अराबा हिला. पहिली शाळेत लावली होती, त्यामुळे एका अख्ख्या पिढीचा माझ्यावर राग आहे. दुसरी कोणी वाचली नाही, म्हणून तिच्याबद्दल सगळे चांगले बोलतात.

कलम दोन. पटकथांचे हक्कही अराबालाच. अक्राच्या एका निर्मात्याने (नाव घालत नाही, त्याला तेवढेच हवे आहे) माझ्या प्रत्येक पटकथेच्या शेवटी एक पाद्री घुसवला. पाद्री प्रार्थना करतो, मग आजारी उठून बसतो, सावकार रडतो आणि सवत पाया पडते. मी भांडलो, तर म्हणाला, “काका, लोक डीव्हीडी घेतात ती पाद्र्यासाठी, तुमच्यासाठी नाही.” अराबाने पुढेमागे हे चित्रपट पुन्हा केले, तर पाद्री काढावा. एवढी एकच अट.

कलम तीन. कविता. पोट भरले ते अंत्यविधीच्या पुस्तिकांत छापायच्या कवितांवर. सेकोंडीत जो कोणी वारला, तो माझ्या हातून सद्गुणी होऊनच गेला. ज्या कविता मनापासून लिहिल्या, त्यांतली एकच ओळ शिल्लक आहे: ‘चूल विझवू नकोस, मी वाटेत आहे’. ती एसान कोळ्याने मला न विचारता होडीवर रंगवली आणि आम्ही कित्येक वर्षे बोललो नाही. ती ओळ एसानला कायमची दिली. रंग उडाला आहे, तेवढा त्याने पुन्हा द्यावा.

(इथे उठून दोन फेऱ्या मारून आलो. पुढचे कलम लिहायला बसलो की बूड टिकत नाही.)

कलम चार. घर. हे घर, मागचे अंगण आणि अंगणातला आंबा मी माझी पत्नी एकुवा ओटू हिला देत आहे. ती जिवंत असेपर्यंत तिचे, तिच्यामागे अराबाचे. माझ्या आईच्या कुळाचा त्यावर काडीचाही हक्क नाही.

हे वाक्य मिसेस बायदूंना पुरेसे वाटते. मला वाटत नाही. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा. त्याची बायको-मुले त्या कुळात येत नाहीत. मी मेलो की माझी शवपेटी अराबाने आणायची, हा मुलांचा मान. घर न्यायचे, हा कुळाचा मान. मी बाईंना विचारले, कुळाने तरीही कुलूप घातले तर? त्या खरे बोलल्या. म्हणाल्या, “तुमचा कागद कोर्टात पक्का आहे. पण कोर्टाला वर्षं लागतात, कुलपाला एक दुपार.”

कुळाचा प्रमुख माझा सख्खा थोरला भाऊ कोबिना. त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होत नाही.

माझे नाव ज्या नाटकामुळे झाले ते ‘कुलूप’. त्यात नवरा मरतो, त्याचा दुष्ट मामा कुळाच्या वतीने येतो आणि विधवेला घराबाहेर काढून दाराला कुलूप लावतो. विधवा एकुवाने केली, अगदी पहिल्या प्रयोगापासून. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती कुलपासमोर बसली की लोक थेट रंगमंचावर चढत. तिच्या ओटीत पाव घालत, तळलेले मासे देत, कपाळावर नोटा चिकटवत. मामाचे काम करणाऱ्या पीटर आकॉनला संत्र्यांच्या साली बसत. बाजारात त्याला अजून कोणी धड भाजी देत नाही. या गोंधळात तिसरा अंक कधीच झाला नाही. मी तो बदलत राहिलो आणि लोक तो खाऊन टाकत राहिले. त्या नोटांवर या घराच्या भिंती उभ्या आहेत, म्हणून हे घर मुळात माझे नाहीच. देतो कसला, परत करतो आहे.

कोबिनादादा प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत. एकदा तर तो ढसाढसा रडत वर आला, एकुवाच्या कपाळावर नोट लावली आणि प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, “या बाईच्या दाराला कोणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे.” टाळ्या थांबेनात. त्यानंतर आठवडाभरात आमचा मधला भाऊ एसुमान वारला, आणि त्याच दादाने एसुमानच्या बायकोला, मान्साला, दोन पोरांसकट बाहेर काढून दाराला कुलूप लावले. मी धावत गेलो. परवा रंगमंचावर काय बोललास, असे विचारले. तो शांतपणे म्हणाला, “फिफी, ते नाटक होतं. हे कूळ आहे.”

या वाक्याने मला आजवर झोपू दिलेले नाही. असा संवाद मी लिहिला असता तर मीच खोडला असता. माझा भाऊ ढोंगी नाही, हीच पंचाईत आहे. पहिल्या रांगेत बसला की तो देवमाणूस असतो, अगदी खरा. घरी गेला की कुळप्रमुख असतो, तोही खरा. मला त्याचा राग येतो आणि त्याच्यावर माझे प्रेम आहे, आणि एकुवाची मला काळजी वाटते. जन्मभर खोटी विधवा झालेली बाई मी खऱ्या कुलपासमोर बसवून जाणार आहे.

म्हणून कलम पाच. माझ्या दफनाच्या संध्याकाळी, पाहुणे पांगण्याआधी, याच अंगणात ‘कुलूप’चे पहिले दोन अंक करावेत. सगळी आळी बोलवावी. मान्साला अगत्याने बोलवावे. विधवेचे काम एकुवा करील. मी तिला हे भीतभीत सांगितले. वाटले, अंगावर धावून येईल. ती कसाव्याचे कंद सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “करीन की. तुम्ही गेल्यावर मला रंग लावावा लागणार नाही, एवढाच फरक.” मग सुरी खाली ठेवून बराच वेळ माझा हात धरून बसली.

दुसरा अंक संपला की मिसेस बायदूंनी उठून कलम चार मोठ्याने वाचावे. बाई म्हणतात, मृत्युपत्राला अंक नसतात. या मृत्युपत्राला आहेत.

कलम सहा. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची, हातांची, भाऊ कोबिना याला दिली आहे. माझ्या मालमत्तेपैकी तेवढीच त्याची. खुर्ची घरी नेऊ नये, तिथेच बसावे.

तिसऱ्या अंकात आता एकच सूचना उरली आहे: कोबिना उठतो. त्यापुढे तो काय बोलतो, ते मी अनेक प्रकारे लिहिले आणि सगळे खोडले. लेखकाने तिथे गप्प बसावे. मला ते जमत नाही, म्हणून बरे, की तेव्हा मी नसेन.

काल दादा येऊन गेला. माझ्या पायांवरची सूज बघितली, माझ्या वाटणीचे केळे खाल्ले, जाताना दारात घुटमळला. म्हणाला, “बरा हो आणि ‘कुलूप’ पुन्हा लाव. फार दिवसांत रडलो नाही. पुढची जागा ठेव मला.”

मी म्हणालो, “ठेवली आहे, दादा.”

वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, आणि हात आवरून खाली सही केली.

जेम्स फिफी आर्हिन

आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. पीटर आकॉन, नट. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणूनच त्याला साक्षीदार केले, नाही तर त्याने माझा कोट मागितला असता. मामाचे काम त्याने शेवटचे एकदा करावे. साली चुकवू नयेत.)
२. ग्रेस एन्यान, मिसेस बायदू यांच्या कारकून.

सेकोंडी, १९ ऑगस्ट २०१६