मुंग्या कुठवर आल्या?

बंगळूर

चि. देवाजीस दादाचे आशीर्वाद. प्रवास सुखाचा झाला. दिव्यानी खुशाल आहे, भात मात्र अपुरा शिजवते. फोनवर नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र.

अस्वलाने फाडलेल्या तुझ्या हाताचा विषय मी पहिल्याच दिवशी काढला. बधिर हाताला आता मुंग्या येतात, त्या थांबाव्यात म्हणून तू तापल्या सळईने डागून घेणार आहेस, हे सांगून औषध विचारले. दिव्यानी ताटावरून उठलीच. "काकाले मुंग्या येऊन राह्यल्या? बाबा, हे तं चांगलं झालं!"

मी गोंधळलो. त्रास वाढणे चांगले कसे? तुटलेली नस पुन्हा कशी वाढते, हेच ती दहा वर्षे प्रयोगशाळेत उंदरांवर पाहते आहे. तिच्या मते नस वाढू लागली की मुंग्या येतात.

"मग हात बरा होणार, असे लिहू?"

"नाई बाबा, तसं लिहू नका. नक्की मलेबी माहीत नाई."

एवढ्या शिक्षणानंतर हे उत्तर! माझ्या वाणिज्य शाखेच्या बुद्धीला ते अजून झेपलेले नाही.

तरी डागू नकोस. घरी गुणाबाईला दंडापासून खाली बोटाने हलके ठोकायला सांग. मुंग्या कोठे उठतात, ते कळव. ती जागा महिन्यागणिक मनगटाकडे सरकत असेल, तर नस वाटेवर आहे असे समजावे, म्हणते.

झोप लागते ना? तुझा त्रास थांबावा, असाच आशीर्वाद आजवर देत आलो. या वेळी काय द्यावा, कळत नाही.

मुंग्या येत राहोत.

तुझा,
सुधाकरदादा